बादलीतली पूड

“दे इकडं, मी कालवतो,” म्हणत श्रीरंगनं हात पुढं केला आणि कौसल्याबाईंनी हातातली बाटली मागं घेतली. द्राक्षाचे मणी फुगवणारी जीएची पूड नुसत्या पाण्यात विरघळत नाही. आधी स्पिरिटात विरघळवावी लागते. दुकानात स्पिरिट मिळालं नव्हतं, म्हणून देशी दारूची बाटली आणलेली. आणि पोरगा दिवाळीतच व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेला.

मणी हरभऱ्याएवढे झाले होते. घड त्या पाण्यात बुडवायला बायका मगे घेऊन खोळंबल्या होत्या. त्यांच्यादेखत पोराला नाही कसं म्हणायचं? बाईंनी बाटली दिली. ती, पूड आणि पाण्याची बादली घेऊन तो टाकीमागं गेला, तो लवकर येईचना.

आला तेव्हा त्याच्या अंगाला दारूचा भपकारा येत होता. बाटली रिकामी. दारू याच्या पोटात गेली असेल, तर पूड पाण्यावर तशीच तरंगत असणार. मग पोरगाही गेला आणि बागही. पदर खोचायचं निमित्त करून त्या बादलीवर वाकल्या.

पाण्यावर एक कण नव्हता. काठीनं ढवळून पाहिलं, तळाशीही काही नव्हतं.

त्यांनी मान वर केली. श्रीरंग त्यांच्याकडंच बघत होता. शर्टावर दारू सांडली होती, हात अजून थरथरत होते.

“विरघळलीय सगळी,” तो हळूच म्हणाला. “पुढच्या वेळी मात्र तूच कालव गं, आई.”