मधल्या सुट्टीतली चूळ

"पाणी कमी पिता का हो पहिल्यापासून?" रिपोर्ट बघत डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

इंदुमतीने होकारार्थी मान हलवली. सोबत आलेल्या धाकट्या बहिणीने सांगितलं, "ताईच्या हायस्कुलात मुलींना संडास नव्हता. लघवी लागू नये म्हणून मुली मधल्या सुट्टीत नुसती चूळ भरायच्या. तीच सवय राहिली. मी मामाकडे राहून शहरातल्या शाळेत शिकले, म्हणून सुटले."

बोलून घशाला कोरड पडली तशी तिने बाटली तोंडाला लावली. इंदुमती बघत राहिली. ना हेवा, ना राग.

"दोन्ही किडन्या गेल्यात," डॉक्टर म्हणाल्या. "डायलिसिस सुरू करू. पाणी मात्र आता दिवसाला चारच कप. तहानेनं जीव कासावीस होईल, पण इलाज नाही."

"त्यात काय," इंदुमती म्हणाली. "चूळ भरायची आणि थुंकायची. आठवीतच शिकलेय."