कागद संपला

भर दुपारी प्रिंटर आपसूक जागा झाला, कण्हला आणि लाल दिवा लुकलुकवत थांबला. छोट्या पडद्यावर अक्षरं आली: ‘मुक्ताच्या फोनवरून छपाई. कागद संपला.’

आपल्या मर्जीविरुद्ध लग्न केलेल्या लेकीचं नाव विश्वासरावांनी दोन वर्षं उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. यंत्रानं ते आत आणलं. त्यांनी पेपर उघडला, मिटला. स्वयंपाकघरात गेले, परत आले. दिवा डोळ्यांत कुसळासारखा सलत होता.

"अहो, कागद घालू का?" बायकोनं विचारलं.

"लुकलुकू दे. थकेल आपोआप."

"तुमच्या वळणावर गेलंय. थकायचं नाही ते."

अर्ध्या तासानं त्यांनीच एक कागद सरकवला. सरसर आवाज करत तो एकच ओळ घेऊन परतला: ‘बाबा, सातवा महिना लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी करतात ना?’

त्यांना एकदम तिचंच बोलणं आठवलं. प्रिंटर आपल्या फोनला जोडताना ती हसत म्हणाली होती, "बाबा, याला फाटकापलीकडचं ऐकू येत नाही हं."

म्हणजे अर्ध्या तासापूर्वी ती फाटकाशी उभी होती. अजून असेल?

"अगं, माझ्या चपला कुठंयत?"

"अनवाणी जा," बायको म्हणाली, "पण पळा!"