किल्ल्यांचा आवाज

किल्ल्या वाजल्या आणि यंत्राच्या पडद्यावरचा आकडा वर चढला.

सुनेचे डोळे मिटलेले होते. तोंडात नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला व्हेंटिलेटर. न्यूमोनियाने छाती भरल्यापासून तेच यंत्र तिच्यासाठी श्वास ओढत होतं. आज त्याचा जोर कमी करून ठेवला होता. अर्धा तास तिने आपला आपण श्वास घ्यायचा. जमलं तर नळी निघणार. नाही जमलं तर गळ्याला भोक पाडून तिथून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर सासूबाईंच्या मुलाला सांगून गेले होते.

सासूबाई पलंगाशी येऊन उभ्या राहिल्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तोंडाला उसंत नाही.

"कालच्यासारखं करू नकोस हं. काल मी भेटायला आले आणि तू ऐन वेळी मान टाकलीस. अगं, श्वास घ्यायला काय डोंगर उचलायचाय? तान्हं पोर घेतं. आम्ही तर अंगात ताप घेऊन घरभर..."

यंत्र टूं टूं करायला लागलं.

"झालं! घरी मी तोंड उघडलं की मुलगा उठून जातो, इथे हे डबडं बोंबलतं."

सिस्टरने आकड्याकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग सासूबाईंच्या कमरेकडे. "आजी, जरा बाहेर थांबता का?"

"का? मी काय तिचं नाक दाबून बसलेय?"

"श्वास फार भरभर चाललाय त्यांचा. पस्तिसाच्या वरच राहिला तर आजही नळी काढता यायची नाही."

"मग त्या यंत्राला सांग की. मला कशाला सांगतेस?"

"आई," दारातून मुलगा म्हणाला. एवढंच म्हणाला. तेही जमिनीकडे बघून.

सासूबाई तणतणत बाहेर आल्या आणि काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. शाळेशी त्यांचं कधी जमलं नव्हतं, पण आकड्यात त्यांना फसवणारा अजून जन्मायचा होता. आकडा एकेचाळीस होता. बघता बघता तो तिशीत आला, मग तिशीच्याही खाली उतरला.

"बघ, सुई टोचली असेल तिने. उतरला लगेच," त्या मुलाला म्हणाल्या. "आधीच टोचायची, तर मला बाहेर काढून मग टोचली. मानभावी कुठली!"

"काही टोचलं नाही, आई. कपाळ पुसलं नुसतं."

"तू बघत होतास?"

"रोज बघतोय."

सासूबाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. तो काचेतून आतच बघत होता.

"चष्मा राहिला माझा आत," त्या म्हणाल्या. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

दाराशी त्यांनी जुडगा कमरेचा काढून मुठीत घट्ट धरला आणि अनवाणी आत गेल्या. पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. तोंड मिटून. आकडा हलला नाही. सुनेची छाती संथ वर येत होती, खाली जात होती. सासूबाईंना हायसं वाटलं. उगाच बिचाऱ्या म्हातारीच्या नावाने खापर! त्यांनी मूठ सैल केली, आणि एक किल्ली दुसरीवर आपटली.

एवढीशी किणकिण. सुनेचे डोळे मिटलेलेच राहिले, पण नळी ओढू नये म्हणून पट्टीने पलंगाला बांधलेल्या हाताची बोटं चादरीत रुतली. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. आकडा भराभर वर निघाला.

सासूबाईंचे कान तापले. त्यांनी मूठ छातीशी धरली, श्वास रोखला आणि आल्या तशा मागे सरत गेल्या. काल सुनेने ऐन वेळी मान टाकली तेव्हा पलंगाशी कोण उभं होतं, ते आता कुणी सांगायची गरज नव्हती. घरी आपण स्वयंपाकघरात शिरलो की ही हातातलं काम टाकून ओट्याशी ताठ उभी राहते. किती वर्षं त्या आल्यागेल्याला कौतुकाने सांगत आल्या होत्या, आमच्या सुनेला वडीलमाणसाचा मान ठेवणं कळतं म्हणून.

त्या पुन्हा काचेशी आल्या नाहीत. कोपऱ्यातल्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसल्या. शेजारच्या बाईने "तुमचं कोण आहे आत?" असं विचारलं, तर "सून" म्हणायला त्यांना वेळ लागला.

मग आत धावपळ झाली, हिरवा पडदा ओढला गेला. कुणीतरी जोरात खोकलं. मुलगा बाकाशी आला तो डोळे पुसतच.

"निघाली नळी, आई. आपला आपण घेतेय श्वास. चल."

"तू जा."

"चल ना."

"जा म्हटलं ना!"

तो गेला. थोड्या वेळाने त्याही उठल्या, पण पडद्याच्या अलीकडेच थांबल्या. फटीतून सिस्टर दिसत होती, सुनेच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क नीट करणारी. सुनेने तो बोटाने जरासा उचलला. आवाज घासलेला, जेमतेम फुटणारा.

"आई आल्यात का?"

सिस्टरने मान वर केली. फटीतून सासूबाई आणि ती समोरासमोर आल्या. सासूबाईंनी पटकन मान हलवली. नाही. नाही म्हण.

"नाही आल्या," सिस्टर म्हणाली.

मास्क पुन्हा तोंडावर बसला. पलीकडून एक लांब, सावकाश श्वास ऐकू आला.

सासूबाई बाकावर परतल्या तेव्हा शेजारच्या बाईने विचारलं, "हाताला काय लागलं हो?" त्यांनी मूठ उघडली. तळव्यावर किल्ल्यांचे दात एकूण एक उमटले होते.