चुकीशेजारची सही

आई शेजाऱ्यांना सांगत सुटली होती, लेक अकरावीच्या सुट्टीत संशोधन करतेय. प्रत्यक्षात मी प्रयोगशाळेत काचेच्या बशा घासत होते. तिथल्या मॅडमनी महिनाभर वाळवलेल्या सूक्ष्म अळ्या पुन्हा जिवंत होतात का ते बघायला त्यांवर पाणी घातलं, दिवसभर हालचालीची वाट पाहिली, वहीत ‘सर्व मृत’ लिहिलं आणि बशी मला धुवायला दिली. न बघता नळाखाली धरवेना, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. एक शेपटी हलली. मॅडमना हाक मारली. “पाणी हललं असेल,” म्हणत त्या वाकल्या आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. मग वही ओढली. तिथे खोडरबर चालत नाही. चुकीवर एकच रेघ मारायची, शेजारी सही. रेघ त्यांनी मारली, पेन मला दिलं. “चूक जिला सापडली, तिची सही.” माझी सही अजून ठरलीच नव्हती. आईच्या नावासकट अख्खं नाव लिहिलं. शेजाऱ्यांना सांगितलेलं आता लेखी होतं.