बोलका पट्टा

स्कूटरवरून पडलेल्या दिगंबररावांच्या मानेला दवाखान्यात बोलका पट्टा बांधला होता. मान हलवायचं नुसतं मनात आलं, की तो घट्ट व्हायचा आणि होकार किंवा नकार स्वतःच बोलून टाकायचा.

"फार दुखतंय?" त्यांच्या बायकोनं, कुमुदिनीनं विचारलं.

"हो," पट्टा म्हणाला.

ती चमकली. संसारभर या माणसानं पेपरातून डोकं न काढता नुसती मान डोलावली होती.

"पडताना माझी आठवण आली?"

दिगंबररावांनी ओठ घट्ट मिटले.

"हो," पट्टा म्हणाला.

तेवढ्यात डॉक्टर आले. "मणके शाबूत आहेत. आता खुशाल मान हलवा," म्हणत त्यांनी पट्टा काढला.

कुमुदिनी हळूच म्हणाली, "मघाचं ते खरं होतं?"

मान मोकळी होती. ती जराही न हलवता दिगंबरराव म्हणाले, "हो."