माइकचा दोष

गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरच्या साउंडकार्डाला ओळखेना, म्हणून आमच्या ह्यांनी दुसरं कार्ड आणलं. अखेर दोघांचं जुळलं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना माझ्या गोधड्या टांगल्या.

पहिलं गाणं रेकॉर्ड करून ह्यांनी हेडफोन कानाला लावला. आजवर ते फक्त बाथरूममध्ये गायलेले. न घुमणारा स्वतःचा आवाज प्रथमच ऐकत होते.

"मी रोज असा गातो?"

"आमटी गार होतेय," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून आंघोळीला नुसता पाण्याचा आवाज. एरवी हे गायला लागले की मी मुद्दाम मिक्सर लावायचे. आता घर खायला उठलं.

शेवटी मी दारावर थाप मारली. "अहो, तो माइकच खराब आहे. बदलून आणा."

आत तांब्या थांबला. मग गाणं सुरू झालं, तसंच बेसूर.

मिक्सर मी गाणं संपल्यावर लावला.