रेडिओवर गेलेला आवाज

"मेन्नाबाई, या रविवारची प्रार्थना रेडिओवर जाणार. तुमचा चिरका आवाज अख्ख्या वेल्सला कशाला? घरीच ऐका," चर्चच्या गायकवृंदाचा मास्तर म्हणाला होता. मेन्ना जन्मभर त्या चर्चमध्ये गायली होती.

रविवारी ओव्हनमध्ये मटण ठेवून ती जळफळत रेडिओपाशी बसली. स्तोत्र सुरू झालं, आणि सगळ्यांच्या वर तिचाच चिरका आवाज चढला.

"तुला हाकललं, पण आवाज शिरलाच की!" नवरा इड्वल हसला.

प्रार्थना संपून हलकंफुलकं वाद्यसंगीत लागलं. व्हायोलिनांच्या मधून तो आवाज गातच राहिला.

मेन्नाने ओरडायला तोंड उघडलं. घशातून शब्द फुटेना.

"अहो, बंद करा ते मेलं!" रेडिओ तिच्याच आवाजात ओरडला.

मेन्ना जिवाच्या आकांताने 'नको, नको' अशी मान हलवत होती.

"बरं बाई," म्हणत पाठमोऱ्या इड्वलने बटण फिरवलं.